वजन तेच, ताकद गेली : आमवाताच्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या एका बाईंचे हे प्रकरण. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. सहा वर्षांपूर्वी त्यांना आमवाताचे, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसचे निदान झाले. दोन्ही मनगटे, बोटांची मुळे आणि पावलांचे पुढचे सांधे सुजलेले. आमवाताची खूण सांगणाऱ्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह. मेथोट्रेक्सेट सुरू झाले, हळूहळू आठवड्याला २० मिलिग्रॅमपर्यंत गेले, जोडीला फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. दुसऱ्या वर्षी दुखणे आवरेना म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले. ‘थोडे दिवस’ म्हणून दिलेली ती गोळी पुढे चार वर्षे चालूच राहिली : सकाळी ५ मिलिग्रॅम, रात्री झोपताना २.५. रात्रीचा तो अर्धा तुकडा नेमका कोणी सुरू केला हे फाइलमध्ये कुठेच सापडत नाही. पहाटे बोटे आखडतात म्हणून बहुधा त्यांनीच मागितला असेल आणि आमच्यापैकी कोणीतरी हो म्हटले असेल.

त्या दर तीन महिन्यांनी येत. दर भेटीला सुजलेले सांधे मोजायचे, दुखरे मोजायचे, रक्तातला दाह दाखवणारे ईएसआर-सीआरपी पाहायचे, यकृताचा रिपोर्ट पाहायचा, वजन घ्यायचे. सांध्यांची एकूण स्थिती सांगणारा डास-२८ हा आकडा वर्षभर २.८ ते ३.१ च्या दरम्यान. ३.२ च्या आत म्हणजे आजार बराच आटोक्यात, २.६ च्या खाली म्हणजे जवळजवळ शांत. त्यामुळे त्यांची फाइल ‘बरे चाललेल्यां’च्या गठ्ठ्यात होती. वजनाचा रकाना तर पाहायचीही गरज वाटू नये इतका सरळ : ६२, ६२, ६१.५, ६२. उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय २४.८.

अडचण

तक्रार एकाच शब्दाची होती, थकवा. पहिल्यांदा त्यांनी तो सांगितला तेव्हा हिमोग्लोबिन ११.२ निघाले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. दुसऱ्यांदा थायरॉइड, बी-१२, डी जीवनसत्त्व पाहिले, सगळे ठीक. तिसऱ्या भेटीची नोंद माझ्याच अक्षरात आहे : ‘थकवा. सांधे ठीक. धीर दिला.’ आता ती ओळ वाचवत नाही.

चौथ्या भेटीला त्यांची लेक सोबत आली होती. ती म्हणाली, “डॉक्टर, आई खुर्चीतून उठताना आधी टेबल धरते. गुडघे दुखतात म्हणून नाही, मी विचारलंय तिला. ती म्हणते, पायात जोरच नाही.”

मग त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर चाचणी घेतली. हात छातीशी घडी घालून पाच वेळा उभे राहायचे आणि बसायचे. पहिल्या दोन वेळा जमले. तिसऱ्या वेळी त्या पुढे झुकून झोका घेऊन उठल्या. पाचव्या वेळी अर्ध्यातून पुन्हा खुर्चीत बसल्या, ओशाळून हसल्या आणि पुन्हा उठल्या. एकूण १९ सेकंद. आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी धरतात. हाताची पकड १३ किलो भरली, पण आमवातात त्या आकड्यावर फार विसंबू नये. पकड कमी पडते ती बोटांमुळे की स्नायूंमुळे हे सांगता येत नाही. पोटरीचा घेर ३० सेंटिमीटर. स्त्रियांमध्ये तो ३३ च्या खाली गेला की शंका घ्यायची. शेवटी शरीरातली चरबी आणि स्नायू वेगवेगळे मोजणारा डेक्सा स्कॅन केला. शरीरात ४३ टक्के चरबी आणि हातापायांचे मिळून स्नायू जेमतेम १२.५ किलो.

चार वर्षांत स्नायू गेले, त्यांची जागा चरबीने घेतली आणि वजनकाटा दोन्ही एकाच मापाने तोलत राहिला. या अवस्थेला रुमेटॉइड कॅकेक्सिया म्हणतात. कॅकेक्सिया म्हटले की आपल्याला हाडांचा सापळा झालेला रुग्ण आठवतो. इथे तसे काही दिसत नाही, कधीकधी तर रुग्ण गुटगुटीत दिसतो. सांधेदुखीच्या रुग्णांचे स्नायू झडतात हे जेम्स पॅजेट यांनी १८७३ मध्येच लिहून ठेवले होते. १९९४ मध्ये रोनेन रुबेनॉफ आणि सहकाऱ्यांनी ते मोजून दाखवले : आमवाताच्या रुग्णांमध्ये पेशींचे वस्तुमान निरोगी माणसांपेक्षा १३ टक्के कमी आणि विश्रांतीत होणारा ऊर्जेचा खर्च १२ टक्के जास्त. थोडक्यात, नुसते बसून राहिले तरी शरीर जास्त जाळते, आणि जाळते ते चुकीच्या कोठारातून.

आणखी दोन गोष्टी त्या दिवशी हाती लागल्या. उपाशीपोटीची साखर ९४, म्हणून मधुमेहाचा विचार कोणी केला नव्हता. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारे एचबीए१सी मात्र ६.३, आणि दुपारी चार वाजताची साखर २१२. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन साखर चढवते ती दुपार-संध्याकाळी. रात्रभरात ती उतरते आणि सकाळच्या तपासणीत सगळे छान दिसते. दुसरे झोपेचे. रोज पहाटे तीनला जाग, मग पाचपर्यंत छताकडे बघत पडून राहायचे, आणि पाच वाजल्यापासून सातपर्यंत बोटे आखडलेली.

मेंदू या हिशेबात कुठे बसतो

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत.

भूक, शरीराचे तापमान, झोप, ऊर्जेचा खर्च आणि तणावाची संप्रेरके यांचा ताळेबंद मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये बसतो. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन, ज्याचा शोध १९९४ मध्ये लागला, त्याला ‘कोठार किती भरले आहे’ ते कळवते. तिथले काही चेतापेशींचे गट भूक वाढवतात, काही दाबतात. सांध्यांच्या अस्तरात दाह पेटला की तिथून टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ ही सायटोकाइने, म्हणजे दाहाचे निरोप नेणारी प्रथिने, रक्तात येतात. मेंदूच्या काही भागांत रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत विरळ असते, तिथून त्यांचा निरोप आत पोचतो. काही निरोप व्हेगस या लांब चेतातंतूवरून जातात. मेंदू त्यावरून एकच अर्थ काढतो : शरीरात लढाई चालू आहे. मग तो भूक कमी करतो, हालचाल नकोशी करतो, झोप मोडतो, अंगातली ऊर्जा लढणाऱ्या पेशींकडे वळवतो. तापात अंथरुणात पडून राहावेसे वाटते ते याचमुळे. चार दिवसांच्या तापाला ही योजना फार उपयोगी. चार वर्षांच्या दाहाला तीच योजना माणूस पोखरते.

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गचे राइनर श्ट्राउब यांनी हा हिशेब किलोज्यूलमध्ये मांडला आहे. बैठे काम करणाऱ्या माणसाचा दिवसाचा खर्च साधारण १०,००० किलोज्यूल. त्यातले जवळपास १,६०० एकटी रोगप्रतिकार यंत्रणा शांत असतानाही घेते. ती चेतली की मागणी २,००० च्या आसपास जाते. ही जादाची रक्कम कुठून तरी आणावी लागते. स्नायूंतली प्रथिने मोडून त्यांची ग्लुकोज करणे आणि स्नायूंनी इन्सुलिनला दाद देऊ नये अशी व्यवस्था करून ती ग्लुकोज लढणाऱ्या पेशींसाठी राखणे, हे त्याचे मार्ग. या नजरेने पाहिले की थकवा, झडलेले स्नायू, वाढलेली साखर आणि मोडलेली झोप ही चार वेगळी दुखणी उरत नाहीत. आम्ही त्यांना चार वेगळ्या गोळ्या देऊ पाहत होतो.

घड्याळाचाही प्रश्न आहे. कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड. हायपोथॅलॅमसकडून त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरच्या ॲड्रीनल ग्रंथींना आदेश जातो तेव्हा ते सुटते. मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी, पहाटेपासून चढत सकाळी आठच्या आसपास सगळ्यात जास्त. आमवातात इंटरल्युकिन-६ रात्रीच्या उत्तरार्धात चढते आणि कॉर्टिसॉल त्याला गाठायला उशिरा पोचते. पहाटेची आखड या दोघांच्या शर्यतीतून येते. शिवाय आमवाताच्या रुग्णांमध्ये कॉर्टिसॉल बऱ्याचदा ‘नॉर्मल’ भरते, आणि खरी गोम तिथेच आहे. एवढा दाह असताना ते नॉर्मलपेक्षा बरेच वर असायला हवे.

आता या घड्याळात रात्री झोपताना २.५ मिलिग्रॅम टाका. पहाटे पिट्युटरीकडून जो आदेश निघायचा तो बाहेरचे स्टिरॉइड पाहून दबतो. झोपही बिघडते. रात्रीच्या डोसमागे शास्त्र नाही असे नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅप्रा-१ या चाचणीत रात्री दहाच्या सुमारास घ्यायची आणि साधारण चार तासांनी पोटात उघडणारी खास गोळी वापरली होती; सकाळची आखड २२.७ टक्क्यांनी कमी झाली, नेहमीची गोळी सकाळी घेणाऱ्यांमध्ये फक्त ०.४ टक्क्यांनी. पण ती उशिरा उघडणारी गोळी होती. साध्या गोळीचा तुकडा रात्री गिळणे म्हणजे ते नव्हे, आणि आमच्या रुग्णाकडे साधाच तुकडा होता.

समोरचे पर्याय

पहिला आणि सगळ्यात मोहाचा पर्याय म्हणजे प्रेडनिसोलोन १० वर नेणे. बाईंनी तो आधीच आजमावला होता. एका समारंभाआधी त्यांनी आपल्या मनाने चार दिवस १५ मिलिग्रॅम घेतले होते. “चार दिवस मी वीस वर्षांची होते,” असे त्या म्हणाल्या. यात आश्चर्य नाही. १९४८ च्या सप्टेंबरात फिलिप हेंच यांनी आमवाताच्या पहिल्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिले तेव्हाही असेच घडले होते, आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळाले. बिल नंतर येते. स्टिरॉइड स्नायूंतली प्रथिने मोडते, मेंदूतली भूक वाढवते आणि चरबी धडावर साठवते. ज्या खड्ड्यातून बाहेर काढायचे तोच खोल करणारा हा उपाय, म्हणून तो सोडला.

दुसरा पर्याय आहारतज्ज्ञांकडून आला होता. ४३ टक्के चरबी आणि २१२ साखर पाहून त्यांनी कमी उष्मांकाचा तक्ता लिहून दिला. आकड्यांपुरते पाहिले तर तो चुकीचा नव्हता. पण दाह पेटलेला असताना उष्मांक तोडले की शरीर चरबीबरोबर स्नायूही विकते, आणि या बाईंकडे विकायला स्नायू उरले नव्हते. आमच्यात यावर बराच वाद झाला. शेवटी आम्ही तक्ता थांबवला आणि आहारतज्ज्ञांनाच विनंती केली की उष्मांक कमी न करता प्रथिने वाढवून द्या : वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण ७५ ग्रॅम, तीन जेवणांत विभागून.

याच ओघात लेकीने वजन उतरवणाऱ्या जीएलपी-१ इंजेक्शनांविषयी विचारले. प्रश्न रास्त होता. ती औषधे मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांवरच काम करतात. पण उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. आत्ता नको, असे सांगितले. ‘कधीच नको’ असे सांगितले नाही. तिने मानेत बसवायच्या व्हेगस उत्तेजकाविषयीही कुठेतरी वाचले होते. २०१६ मध्ये आमवाताच्या १७ रुग्णांवर झालेल्या कामात व्हेगसला विजेची सौम्य चेतना दिल्यावर टीएनएफ कमी झालेले दिसले होते. मेंदू दाहाला लगाम घालू शकतो याचा तो सुंदर पुरावा आहे, पण आमच्या हातातला उपाय नव्हता.

तिसरा पर्याय नैराश्य किंवा फायब्रोमायल्जिया, म्हणजे दाहाशिवायची अंगभर दुखी आणि थकवा, असे नाव देऊन त्या वाटेने जाणे. बाई खचल्या होत्या हे खरे. पण फायब्रोमायल्जियाने पोटरीचा घेर ३० वर येत नाही.

चौथा पर्याय म्हणजे दाह खरोखरच आटोक्यात आहे का हे पुन्हा तपासणे. सीआरपी ९ होता, ‘किंचित जास्त’ म्हणून दुर्लक्षिलेला. मनगटांची सोनोग्राफी केली तेव्हा दोन्हीकडे सांध्याच्या अस्तरात रक्तप्रवाह वाढलेला दिसला. बाहेरून शांत, आत निखारे. डास-२८ पावलांचे सांधे मोजतच नाही; ते दाबून पाहिले तर तिथेही दुखत होते. इथे निर्णय फिरला. मेंदूला पोचणारा ‘लढाई चालू’ हा निरोप खरा होता. निरोप थांबवायचा तर लढाई थांबवायला हवी होती, आणि त्यानंतरच स्टिरॉइड उतरवता येणार होते. उलट क्रमाने केले असते तर सांधे पुन्हा सुजले असते आणि आम्ही घाबरून डोस वाढवला असता. हे आम्ही दुसऱ्या रुग्णांत केलेले आहे.

काय केले

क्षयरोगाची रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी पाहून टीएनएफ रोखणारे अडॅलिमुमॅब सुरू केले, दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम. मेथोट्रेक्सेट चालू ठेवले.

पहिल्या इंजेक्शननंतर दहाव्या दिवशी बाई आल्या. हात जवळपास तसेच होते. पण त्या म्हणाल्या, “सूज आहे, पण डोक्यावरचं ओझं उतरलंय.” मला २०११ मधले एक काम आठवले. इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफरोधकाची मात्रा दिल्यावर २४ तासांच्या आत, सांध्यांची सूज हलण्याच्या आधीच, आमवाताच्या रुग्णांच्या मेंदूतली वेदनेशी निगडित हालचाल कमी झालेली स्कॅनवर दिसली होती. आमच्या बाईंच्या बाबतीत तेच घडले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. चार वर्षांनी कोणीतरी आपले ऐकले, याचाही त्यात वाटा असू शकतो.

रात्रीचा तुकडा बंद करून तो सकाळच्या डोसात मिळवला, सकाळी एकदाच ७.५. पहिले दोन आठवडे वाईट गेले, पहाटेची आखड वाढली. त्यांनी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा मला तो तुकडा परत द्यावासा वाटला. तिसऱ्या आठवड्यात झोप लागू लागली. दीड महिन्याने त्या सकाळपर्यंत सलग झोपत होत्या. या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त बदल हाच, आणि तो चार वर्षांपूर्वी करता आला असता.

व्यायामाचे काम फिजिओथेरपिस्टने केले. चालणे त्या आधीही करत होत्या. चालण्याने स्नायू वाढत नाहीत. आठवड्यातून दोनदा वजनाविरुद्धचा व्यायाम ठरवला : खुर्चीतून उठणे, पायाने वजन ढकलणे, रबरी पट्टा ओढणे. बोटांवर ताण नको म्हणून वजने मनगटाला पट्ट्याने बांधली. आमवाताच्या रुग्णांनी २४ आठवडे वजनांचा नेटाने व्यायाम केला तर सांधे न बिघडता स्नायू वाढतात, हे अँड्र्यू लेमी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले आहे. तरी पहिल्या महिन्यात बाई प्रत्येक वेळी विचारत, “याने सांधे झिजणार नाहीत ना?” इतकी वर्षे ‘जपून राहा’ हेच ऐकलेले असते.

चौथ्या महिन्यात सीआरपी ३ वर आला. प्रेडनिसोलोन दर महिन्याला १ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवत ५ वर आणले. इथे थांबून सकाळी आठचे कॉर्टिसॉल पाहिले, आदल्या डोसनंतर पूर्ण २४ तासांनी, कारण प्रेडनिसोलोन अनेक तपासण्यांत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजले जाते. आकडा आला ३.२ मायक्रोग्रॅम. १० च्या वर असेल तर शरीराची स्वतःची यंत्रणा जागी झाली असे मानतात. ५ च्या खाली म्हणजे ती अजून झोपलेली.

मधली घसरण

३.२ या आकड्याचा अर्थ एकच होता : ५ मिलिग्रॅमवर थांबा, काही महिन्यांनी पुन्हा तपासा. आम्ही थांबलो नाही. सांधे उत्तम होते, बाईंना गोळीतून सुटायची घाई होती, आणि आम्हालाही यश दिसत होते. डोस उतरत ३ वर गेला.

त्या सुमारास त्यांना ताप आला. उलट्या सुरू झाल्या, गोळ्या पोटात टिकेनात, दोन दिवस काहीच घेतले गेले नाही. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर येताना त्या भोवळ येऊन खाली बसल्या. तातडीच्या विभागात रक्तदाब ८४/५०, साखर ५८, सोडियम १२८. तिथे आधी अंगातले पाणी कमी झाले असे समजून सलाइन लावले. रक्तदाब हलेना. लेकीने पर्समधून औषधांची पाकिटे काढून टेबलावर ओतली, त्यात प्रेडनिसोलोनची पट्टी तिथल्या डॉक्टरांना दिसली आणि त्यांनी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलच औषधरूपात, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिले. तासा-दोन तासांत बाई बोलू लागल्या.

जे घडले ते असे. तापात शरीराला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कॉर्टिसॉल लागते. चार वर्षे बाहेरून आयते मिळत गेल्याने हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीने मागणी करणे सोडले होते, आणि ॲड्रीनल ग्रंथी आदेशाविना सुकल्या होत्या. बाहेरचा पुरवठा अचानक तुटला तेव्हा आतून कोणीच उत्तर दिले नाही. आजारपणात डोस दुप्पट करायचा, उलट्या होत असतील तर इंजेक्शनसाठी थेट दवाखाना गाठायचा, हे आम्ही त्यांना सांगितले होते. पण तोंडी, दारात उभे राहून, पुढचा रुग्ण आत येत असताना. लिहून दिलेले काहीच नव्हते. फाइलमध्ये ‘समजावले’ असा शेरा आहे.

संसर्ग पूर्ण बरा होईपर्यंत अडॅलिमुमॅब थांबवले. प्रेडनिसोलोन ५ वर परत नेले. बाई चिडल्या. चार महिने मागे गेल्यासारखे त्यांना वाटले, आणि ते खरेही होते.

निष्पत्ती

त्यानंतर चार महिन्यांनी कॉर्टिसॉल ७.१ आले, आणखी पाच महिन्यांनी ११.६. मग डोस पुन्हा उतरवायला घेतला, या वेळी दर सहा आठवड्यांनी अर्धा मिलिग्रॅम.

सुरुवातीपासून दीड वर्षाने पुन्हा डेक्सा केला. हातापायांचे स्नायू १२.५ वरून १३.६ किलो, चरबी ४३ वरून ४१ टक्के. खुर्चीची चाचणी १९ वरून साडेअकरा सेकंदांवर, हात छातीशी घडी घालूनच. दुपारची साखर १५० च्या आसपास, वेगळ्या औषधाशिवाय. वजन ६३.५, म्हणजे दीड किलो जास्त. बाईंना हे मुळीच आवडले नाही. दोन्ही स्कॅनची चित्रे शेजारी ठेवून दाखवली तेव्हा त्या थोड्या नरमल्या, पटले असे मात्र म्हणाल्या नाहीत.

एक गोंधळ मध्येच झाला. एलडीएल कोलेस्टेरॉल १०२ वरून १२८ वर गेले आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना वाटले की नवे इंजेक्शन बाधले. खरे तर पेटलेला दाह कोलेस्टेरॉल खाली ओढतो. दाह विझला की ते आपल्या मूळ जागी येते. आधीचा १०२ हा आकडा दिलासा देणारा होता पण खरा नव्हता. हृदयाचा धोका मोजताना आता हाच नवा आकडा धरला आहे.

थकवा गेला का? पूर्ण नाही. दहापैकी आठ होता, तो चारवर आला. दुपारी अर्धा तास आडवे व्हावे लागते. त्यांच्या मते चारपैकी दोन वयाचे आहेत, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पुन्हा करायचे झाले तर

कॉर्टिसॉल ३.२ आल्यावर डोस उतरवणे ही सरळ चूक होती. तपासणी आम्ही केली, तिचा अर्थ आम्हाला माहीत होता, आणि तरी पुढे गेलो. अज्ञानातून झालेली चूक सुधारणे सोपे असते. ही उत्साहातून झाली. आता पाचच्या खाली जायच्या आधी फाइलवर कॉर्टिसॉलचा आकडा लाल शाईत लिहितो, आणि तो लिहिलेला नसेल तर औषधाची चिठ्ठी पुढे जात नाही. आजारपणाचे नियम एका जाड कार्डावर छापले आहेत. ते पर्समध्ये राहते आणि भेटीला आल्यावर बाहेर काढून दाखवावे लागते.

स्नायूंकडे लक्ष उशिरा गेले ते वजनाच्या सरळ रकान्यामुळे. वर्षातून एकदा मोजपट्टी आणि खुर्ची वापरली असती तर दुसऱ्या वर्षीच कळले असते. दोन्हीला मिळून तीन मिनिटे लागतात. डेक्सा नसला तरी चालते. आमच्या तक्त्यात वजनाशेजारी आता ‘खुर्ची’ असा रकाना आहे. नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी तो विनोद वाटतो.

अडॅलिमुमॅबआधी आणखी थोडे थांबून फक्त झोप, रात्रीचा डोस आणि व्यायाम एवढेच बदलून पाहायला हवे होते का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की तीन गोष्टी एकदम बदलल्याने कशाचा किती उपयोग झाला हे आता कधीच कळणार नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे. पण सोनोग्राफीत निखारे दिसत असताना थांबायचे धैर्य माझ्यात नव्हते.

बाई आता प्रेडनिसोलोन १ मिलिग्रॅमवर आहेत. तपासण्यांप्रमाणे तेही थांबवता येईल. मागच्या भेटीत मी तसे सुचवले. त्यांनी कार्ड पर्समध्ये ठेवले, चेन लावली आणि म्हणाल्या, “राहू दे ना डॉक्टर एवढी एक. ती घेतल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही.” तीन महिन्यांनी पुन्हा विचारायचे ठरले आहे.